समेच्या आधीचा फोटू

नवऱ्या पोरानं हार घातला, नवरीनं घातला, अक्षता उडाल्या, टाळ्या झाल्या, आन् मी कॅमेऱ्याला डोळा लावून तसाच हुबा. बोट बटनावर. दाबलंच न्हाई.

“ओ पावणं! झोप लागली काय?” नवरीचा बाप स्टेजवरनं वरडला. “हार पडलं की गळ्यात! काडला का फोटू?”

“काडतो की.”

“आता काय काडताय? हार काय पुन्यांदा घालायचं व्हय?”

घातलं बगा पुन्यांदा. नवऱ्यानं गळ्यातला हार काडून नवरीच्या हातात दिला, तिनं तो परत घातला, आन् घालता घालता मला हळूच म्हनली, “काका, ह्या टायमाला दाबा हं.” सगळा मांडव हसला. मी बी हसलो. आपल्यावर हसायच्या लायनीत आपून पयला नंबर लावलेला बरा.

झालतं काय, की खाली बँड वाजत हुता. वाजपाचा फेरा फिरत आलता, आता पुरा हुनार, परत पयल्या ठोक्यावर येनार, आन् त्या ठोक्याला मी दाबनार हुतो. त्या ठोक्याला सम म्हनत्यात. पन नवऱ्याला सम काय ठावं? त्येनं आदीच हार टाकला. आता ह्ये नवरीच्या बापाला समजावून सांगितलं आसतं तर त्येनं मला जेवू बी घातलं नसतं.

पलीकडं नवऱ्याकडचा फोटूग्राफर हुता. त्येच्या कॅमेऱ्यानं एका दमात ढीगभर फोटू काडलं, लाह्या फुटल्यागत आवाज. त्येनं मला मागची काच दाखवली. हाराची पाकळी न् पाकळी मोजून घ्या. “काका, आता अंधारात बी आसंच येतंय,” म्हनला. “काळोख ऱ्हायलाय कुटं?”

व्हय की. काळोख ऱ्हायलाय कुटं.

मी जाऊन कडंच्या खुर्चीवर बसलो. ह्या वयात गुडघं आदी बसत्यात आन् मानूस मागनं. बॅग मांडीवर घेतली. बॅगेत पेपरात गुंडाळलेली एक फ्रेम हाय. हितलं काम आवरलं की शिरोळच्या गाडीला बसायचं आन् ती रत्नाअक्काच्या हातात द्यायची. अक्काला पसंत पडती का न्हाई, ह्योच घोर कालपासनं लागलाय. पंगतीतली जिलेबी बी गोड लागंना.

आन् गंमत बगा, काम मिळालं ते बी ह्याच जागंत. आता हितं गुळगुळीत फरशी, झुंबर, स्टेजवर राजाच्या खुर्च्या. पयलं हितं लावणीचं थेटर हुतं. स्टेज हुतं तितंच हाय, फकस्त तवा लाकडी फळ्यांचं हुतं आन् फळ्यांच्या खाली मांजरी व्यायच्या. वर ढोलकी सुरू झाली की पिल्लं घाबरून बाहीर यायची आन् लोकांच्या पायातनं पळायची. तेलाच्या वेण्या, विडीचा धूर, मोगरा, घाम, भज्याचा कढईतला वास, सगळं मिळून एकच वास हुयाचा. तो आता कुटंच येत न्हाई. आज मी फरशीवर नाक लावलं आसतं तरी फिनेलच आलं आसतं.

मी हितं पयल्यांदा आलो तवा मला कॅमेऱ्यातलं एवढंच कळत हुतं, की तो उलटा धरायचा न्हाई. शाळंचं आन् माजं कदी जमलंच न्हाई. मी चुलत्याच्या स्टुडिओत पासपोर्टचं फोटू कातरायला हुतो. कातरताना लोकांचं कान जायचं. एका सायबाचा एक कान गेला, तर म्हनलं वंगाळ दिसतंय, म्हनून मी दुसरा बी कातरला. चुलत्यानं कपाळाला हात लावला. थेटरवाल्यांना बोर्डावर लावायला फोटू पायजे हुतं, तर म्हनला, “तू जा तिकडं. तितं अंधार आसतोय, तुजी चूक कुनाला दिसायची न्हाई.”

दिसली. पयल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला दिसली.

रत्नाअक्का त्या पार्टीची म्होरकी. गिरकी घ्याय लागली की फळ्या थरथरायच्या. मी म्होरं सरकलो आन् ऐन गिरकीत तिच्या तोंडावर फ्लॅश मारला. अक्काच्या डोळ्यापुढं पांढरं झालं, पाय चुकला, आन् अक्का थेट पेटीवाल्याच्या मांडीत. त्या टायमाला पेटीतनं जो सूर निघाला, तो पुन्यांदा कुनाला काडता आला न्हाई.

“कोन रं त्यो इजा पाडनारा मुडदा?” अक्का मांडीतनंच वरडली.

मी खुर्चीखाली. मांजराच्या पिल्लांत.

मला तिथनं वडून काडलं म्हादू मास्तरांनी. मास्तर म्हंजे ढोलकीवालं. काळं, काटकुळं, टोपी कायम मागं सरकलेली. मला वाटलं, आता कानफाडात बसनार. मास्तरांनी माज्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उपटला आन् माज्याच खिशात घातला.

“ह्यो हितं ऱ्हाऊ दे. आन् तू हितं बस, स्टेजच्या म्होरं, मी दिसंन आसा. मी ‘हं’ म्हनलं की दाब. त्येच्या आदी बोट हाललं तर बोट कापतो.”

लावणी म्हंजे वावटळ हो. चाळ बांधलेलं पाय, नऊवारीचा घोळ, पदर, मान, भुवई, सगळं एकाच टायमाला येगयेगळीकडं पळतंय. आन् उजेड म्हंजे उजव्या अंगानं एक पिवळा दिवा, तो बी कावीळ झाल्यागत. तेवढ्या उजेडात फोटू उमटायचा तर कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त येळ उघडा ठेवाय लागायचा. आन् जास्त येळ उघडा ठेवला की अक्का गेलीच म्हनायची वाहून. कागदावर नुसता धूर.

पन समेवर अक्का थांबायची. ढोलकीचा फेरा पुरा झाला, ठोका पडला, की आख्खी वावटळ आपल्या ठरल्या जाग्यावर येऊन पुतळा. किती येळ? अर्धा श्वास. त्या अर्ध्या श्वासात दाबलं तर नथीचं मोती मोजून घ्यावं. आन् तो अर्धा श्वास यायच्या जरासं आदी मास्तर हनुवटी वर करून म्हनायचं, “हं.”

माजं बोट त्या हनुवटीला बांधलेलं हुतं. माजी आक्कल त्यात काडीची न्हाई. लोकं बोर्डावरचं फोटू बगून म्हनायची, काय हात हाय पोराचा! मी बी मिशीवर ताव द्यायचो. तवा मिशी बी नव्हती.

पावसाळ्यात थेटर निम्मं रिकामं. राधानगरीकडनं पाऊस चढला की हप्ता हप्ता उन्हाचं तोंड दिसायचं न्हाई. ढोलकीचं कातडं सादळायचं, आवाज भिजल्या पापडागत. मग पडद्यामागं कोळशाची शेगडी पेटायची. मास्तर ढोलकी मांडीवर घेऊन तिला शेक द्यायचं, फिरवून फिरवून, ल्हान लेकराला शेकावं तसं. तापल्या कातड्याचा वास, कोळशाचा वास, भिजल्या घोंगड्यांचा वास. मदीच बोटानं टन् करून कान लावायचं. पुन्ना शेक. पुन्ना टन्. पत्र्यावर पाऊस एवढा, की त्यो टन् त्येंनाच ऐकू येत आसंल. मी आपला त्या शेगडीवर फिल्मचा डबा सुकवायचो. एकदा तो बी शेकला. आख्ख्या रोलवर अक्काच्या अंगाला देवी आल्यागत ठिपकं.

थंडी पडली, ऊस तुटाय लागला, की थेटर फुलायचं. शिरोळकडनं ट्रॅक्टरवालं यायचं, अंगाला काकवीचा वास, केसात पाचट. मुखडा आवडला की फेटं उडायचं. एक फेटा माज्या कॅमेऱ्यावर येऊन पडला आन् मी आख्खं कडवं त्या फेट्याचंच फोटू काडत बसलो. मला वाटलं, दिवा गेला.

आन् चैत्र. चैत्रात मास्तर जोतिबाला जाऊन यायचं. येताना गुलालाची पुडी. खेळाच्या आदी पडद्यामागं ढोलकीवर चिमूटभर टाकायचं, “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” म्हनायचं, समदी पार्टी “चांगभलं!” म्हनायची. मग स्टेजवर पयल्या ठोक्याला तो गुलाल उडायचा आन् पिवळ्या उजेडात लाल धूर हिंडत ऱ्हायचा. लई देखनं दिसायचं. मला मातूर त्या गुलालानं शिंका यायच्या. सगळं थेटर टाळ्या वाजवायचं, मी शिंकायचो.

अक्काच्या पायातलं चाळ मास्तर बांधायचं. दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायची न्हाई. पाय मास्तरांच्या गुडघ्यावर, आन् तोंडाचा पट्टा सुरू.

“आवळू नगा एवढं. पाय हाय का ऊस?”

“सैल ठेवतो. जा मग पुन्यांदा पेटीवाल्याच्या मांडीत.”

“बरा हाय तो. तुमच्यावानी खोकत तरी न्हाई.”

“खोकत न्हाई, पन बेसूर हाय.”

“मानूस बेसूर आसलेला चालतोय. थंड हातांचा चालत न्हाई. शेकून या जावा हात.”

दोगांचं लगीन झालतं का, ते कुनी इचारलं न्हाई. चाळ बांधताना ऐकलं की कळायचंच, झालतं म्हनून.

एकदा मी म्हनलं, “मास्तर, आज तुमचा काडतो.”

मास्तर हसलं. “माजा काडनार, मग तुला ‘हं’ कोन म्हननार?”

तरी बसवलं त्येंना. ढोलकी मांडीवर, टोपी सरळ. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर मास्तर आसलं ताठ झालं, जसं चावडीवर धरून आनलंय. श्वास बी घेईनात. मी बोट ठेवून बसलो. ते माज्याकडं बगत्यात, मी त्येंच्याकडं बगतोय. कुनी ‘हं’ म्हनायचं? शेवटाला दोगंबी हसाय लागलो आन् मी कॅमेऱ्याला टोपन लावलं.

मग थेटर बंद पडलं. का, कसं, ते सांगाय बसलो तर पंगत उठंल. पार्टी पांगली. चुलता गेला, स्टुडिओ माज्या गळ्यात पडला. अक्का आन् मास्तर शिरोळला अक्काच्या भाचीकडं जाऊन ऱ्हायली. कदीमदी फोन यायचा, मागनं ढोलकीचा आवाज. मग एक चैत्र आसा आला, की फोनमागं ढोलकी नव्हती.

गेल्या म्हैन्यात अक्काचा फोन आला.

“इजा पाडनाऱ्या, जित्ता हाईस का?”

“हाय की, अक्का. थोडा थोडा.”

“माजी फोटूंची ट्रंक पुरात गेली रं. माजं गेलं त्येचं काय न्हाई, लई झालं मिरवून. पन त्येचा एक बी ऱ्हायला न्हाई.” मग म्हनली, “भाचीच्या घरात भिंतीवर गेलेली मानसं लावल्यात. सासरा, आजेसासरा. हार घालत्यात, उदबत्ती लावत्यात. मास्तर कुटंच न्हाई. मी हाय तवर हाय, मी गेल्यावर त्येचं नाव कोन घेनार? भिंतीवर आसला म्हंजे पोरं इचारतील तरी, की ह्यो कोन म्हनून. तुज्याकडं आसंलच की एखादा, ढोलकी वाजवताना?”

“एखादा? ढीगभर हायत!” म्हनून मी मोकळा. जीभ हाय का फ्लॅश, कळंना मला. इचार करायच्या आदीच उडती.

डबं काडलं. बिस्किटाचं डबं, त्यात निगेटिव्हच्या पट्ट्या. एकेक पट्टी ट्यूबलाइटपुढं धरली. अक्का. अक्का. अक्का. अक्काचा हात, अक्काची नथ, अक्काचा कमरंतला झोक. मास्तर म्हनून बगावं तर कुटं कोपर, कुटं टोपीचा शेंडा, बाकी काय उमटलेलंच न्हाई. पट्ट्या धरून धरून मानेला रग लागली. बायको म्हनली, “काय हुडकताय?” म्हनलं, “मास्तर.” ती म्हनली, “मग डब्यात कशाला हुडकताय? त्ये तुमच्या बोटात हायत की.” बायको माज्यापरास हुशार हाय, ह्ये मी कुटंबी सांगतो, फकस्त तिच्याम्होरं न्हाई.

मग माज्या ध्यानात आलं. दिवा उजवीकडं. मास्तर डावीकडं बसायचं. आन् समेवर अक्का जितं येऊन थांबायची, ती जागा बरोबर दोगांच्या मदी. अक्का थांबली की तिची सावली मास्तरांवर पडायची. आन् मी तर दाबायचो बरोबर समेवरच. मास्तर सांगायचं, “हं,” मी दाबायचो, आन् मास्तर काळोखात. त्येंच्याच इशाऱ्यानं. म्हंजे जेवढा फोटू झ्याक, तेवढा मास्तर पुसलेला.

खालच्या डब्यात एका पट्टीवर चुलत्यानं लाल पेन्सिलीनं काट मारलीती. वाया गेलेला फोटू. मी ती ट्यूबपुढं धरली, आन् शिंक आठवली. चैत्रातला खेळ. गुलाल उडालेला. मास्तरांची हनुवटी वर चाललेली आन् माज्या नाकात गुलाल. मी आसा शिंकलो की कॅमेरा डावीकडं फिरला आन् बोट आपसूक दाबलं गेलं. सम अजून यायची हुती. अक्का तिच्या जाग्यावर पोचली नव्हती, म्हनून दिव्याचा उजेड सरळ मास्तरांवर पडलाय. टोपी मागं, डोळं बारीक, हनुवटी वर, तोंड जरासं उघडं. ‘हं’ म्हनायच्या बेतात. हात न्हाईतच, हातांच्या जाग्यावर दोन पाखरं फडफडल्यागत. आन् कडंनं एक मोठा धूर, पट्टीवर काळा, कागदावर पांढरा, ढोलकीवरनं गेलेला. तो धूर म्हंजे अक्काचा पदर.

त्या शिंकंपायी त्या दिवशी अक्कानं मला चाळ फेकून मारलंतं. कानाम्हागं खून अजून हाय.

पंगत उठली, नवरीच्या बापानं जाताना माज्या पाठीवर थाप मारली, “झोपून घ्या जरा, पावणं,” म्हनला. मी गाडी धरली. खिडकीतनं ऊस, ऊस, ऊस. फ्रेम मांडीवर. पोचस्तवर उनं कलली हुती. भाचीच्या घरात म्होरच्या सोप्याला एकच खिडकी, तिच्यातनं तिरका उजेड. अक्का खाटंवर. गुडघ्यांना फडकी बांधलेली. ह्या गुडघ्यांनी फळ्या हलवल्या हुत्या.

“आलास व्हय रं? केस कुटं ठेवून आलास?”

“गाडीत ऱ्हायलं, अक्का.”

मी फ्रेम दिली. तिनं पेपर सोडला. बगत ऱ्हायली. मला वाटलं, उठून गाडी धरावी. मग तिचं बोट खाटंच्या लाकडावर हळूहळू पडाय लागलं. टक, टक, टक टक. एका जाग्यावर येऊन थांबलं.

“ह्यो समेवरचा न्हाई.”

“न्हाई. जरा आदीचा हाय.”

“शिंकलास त्यो.”

“व्हय.”

“तरीच.” बोटानं तिनं मास्तरांच्या हनुवटीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. “आत्ता म्हनतोय बग.”

भाचीचा मालक मागनं डोकावला. भला मानूस, पन बोलायला पाटीवरनं वाचल्यागत. “फोटू हललाय की ओ.”

“हललेला हाय म्हनून तर वळकला,” अक्का म्हनली. “गप बसलेला हुता कवा तो?”

“तसं न्हाई, अक्का. पन आमच्या वडलांच्या, आबांच्या शेजारी लावायचा म्हंजे… येनारं जानारं इचारनार, ह्यो कोन.”

“इचारू देत की. त्येच्यासाटीच लावायचाय.”

त्यानं डोकं खाजवलं. मग फ्रेम हातात घेऊन निरखून बगितली. “आन् ह्यो पांढरा कसला धूर?”

“तो मी,” अक्का म्हनली.

“आँ? मग कसं चालंल? ह्या भिंतीवर जित्तं मानूस लावत न्हाईत. अपशकुन हाय.”

ह्येचा इचार माज्या टकुऱ्यात आलाच नव्हता. अक्का माज्याकडं वळली. “मग काप मला. तुला कातरायची सवय हाय की.”

“कापलं आसतं, अक्का. पन तुमचा पदर त्येंच्या हातावरनं गेलाय. तुमाला कापलं तर मास्तरांचं हात जात्यात.”

भाईर ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच वाजली. अक्का जावयाला म्हनली, “ह्यात नाक दिसतंय का माजं? डोळं? तोंड?”

“न्हाई.”

“मग मानूस कुटं हाय? धूर हाय. धूर लावलेला चालतोय.”

जावई फोटूकडं बगत ऱ्हायला. मग आत गेला. मला वाटलं, झालं, संपलं. तर हातोडी घेऊन आला.

खिळा ठोकला, आबांच्या शेजारी, खिडकीच्या समोर. अक्का भिंतीला धरून उठली. पदराच्या गाठीतनं पुडी काडली, चिमूटभर गुलाल फ्रेमला लावला आन् पुटपुटली, “चांगभलं.” मला शिंक आली. कुनी चाळ फेकून मारलं न्हाई.

“आता माजा न् त्येचा एक काड,” ती म्हनली. “आन् फ्लॅश मारशील तर बग.”

खिडकीतला उजेड जायच्या मार्गाला लागलेला. कॅमेरा डोळ्याला लावला. अक्का फ्रेमच्या म्होरं हुबी, ताठ, एक हात कमरंवर. सवयच ती. आन् तिच्या डोक्याची सावली बरोबर मास्तरांवर.

“अक्का,” मी म्हनलं, “जरा सरका की. उजेडात येताय त्येंच्या.”

अक्कानं मान वळवून मागं बगितलं. सावली बगितली. हसली, मग हसायची थांबली. फडकी बांधलेलं गुडघं हळूहळू सरकवत, भिंतीला धरत, ती कडंला झाली. मास्तरांच्या तोंडावर उजेड आला.

मी बोट बटनावर ठेवून बसलो. सवयीनं वाट बगत. घरात बँड न्हाई, ढोलकी न्हाई. उजेड चाललाय, आन् माजं बोट काय हलंना.

अक्कानं हनुवटी वर केली.

“हं,” म्हनली.